इंग्रजीच्या तासातील अलंकार : नाव आणि काम

बारावीच्या सराव परीक्षेचा एक गठ्ठा तपासत होतो. सरोजिनी नायडू यांच्या ‘इंडियन वीव्हर्स’ या कवितेतील मोराच्या पिसांची ओळ देऊन खाली विचारले होते : या ओळीतील अलंकार ओळखा आणि स्पष्ट करा. जवळपास प्रत्येक उत्तरात ‘सिमिली’ हे नाव बरोबर होते. स्पष्टीकरणही सगळ्यांचे एकच होते : ‘येथे वस्त्राची तुलना मोराच्या पिसांशी केली आहे, कारण “लाइक” हा शब्द वापरला आहे.’ दोनपैकी दोन गुण दिले. दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते.

त्या गठ्ठ्यात पैठणहून शिकायला आलेल्या एका मुलीचा पेपर होता. तिच्या घरी पैठणीचा माग आहे, हे मला ठाऊक होते. पेपर परत देताना मी तिला सहज विचारले, “मोरच का गं? कवयित्रीला दुसरा पक्षी नसता का चालला?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सर, ते हिरवं आणि जांभळं आहे ना. धूपछाव. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. पदर हलला की रंग बदलतो. मोराची मान तशीच असते.”

“मग हे लिहिलं का नाहीस?”

“गाईडात नव्हतं, सर.”

प्रस्तुत लेख या दोन उत्तरांमधील अंतराविषयी आहे. पहिल्या उत्तराला पूर्ण गुण मिळाले, दुसरे उत्तर कागदावर आलेच नाही. साहित्याच्या दृष्टीने पाहिले तर समीक्षा फक्त दुसऱ्या उत्तरात आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या इंग्रजीच्या तासाला अलंकाराचे नाव शिकवले जाते, अलंकाराचे काम शिकवले जात नाही. आणि ते काम समजण्यासाठी लागणारे ज्ञान मुलांजवळ बहुधा आधीच असते, असे मला दाखवायचे आहे.

१. प्रश्न कसा विचारला जातो

राज्य मंडळाच्या बारावीच्या इंग्रजी कृतिपत्रिकेत कवितेच्या उताऱ्याखाली ‘पोएटिक डिव्हाइस’ अशी एक स्वतंत्र कृती असते. रसग्रहणाच्या प्रश्नातही भाषिक वैशिष्ट्ये आणि अलंकार हा एक मुद्दा ठरलेला असतो. दहावीला रसग्रहणाचे मुद्दे आणखी आखीव असतात : शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. या आखणीत मुळात वाईट काही नाही. इंग्रजीत चार वाक्ये लिहितानाही ज्याचा हात थरथरतो, अशा मुलाला मुद्द्यांचा आधार मिळतो. तो काढून घ्या, असे वर्गात उभा राहिलेला कोणताही शिक्षक म्हणणार नाही.

अडचण निराळी आहे. प्रश्नात ‘ओळखा’ आणि ‘स्पष्ट करा’ अशी दोन क्रियापदे असतात. व्यवहारात दुसरे पहिल्यात विरघळून जाते. ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ दिसले की सिमिली, निर्जीव वस्तू काही करताना दिसली की पर्सॉनिफिकेशन, एकाच ध्वनीचे शब्द लागोपाठ आले की अलिटरेशन. म्हणजे ‘स्पष्ट करा’ याचा अर्थ ‘कोणत्या खुणेवरून ओळखले ते सांगा’ एवढाच उरतो. ही खूण पटवण्याची रीत झाली. दारावरची पाटी वाचून परत यावे आणि घर पाहून आलो म्हणावे, तसे हे होते.

२. दोन तास, दोन याद्या

ही मुले मराठीच्या तासालाही अलंकार शिकलेली असतात. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, व्यतिरेक, अपन्हुती, अनन्वय, दृष्टांत, अतिशयोक्ती, चेतनागुणोक्ती, स्वभावोक्ती ही यादी त्यांना पाठ असते. पुढच्या तासाला इंग्रजीची यादी सुरू होते : सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, हायपरबोली, अँटिथिसिस, इन्व्हर्जन, ट्रान्स्फर्ड एपिथेट. मधल्या सुट्टीत दोन्ही शिक्षक एकाच खोलीत चहा पितात, पण या दोन याद्यांची गाठ कुणी घालून देत नाही. घालून दिली तरी ‘सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक’ एवढ्यावर काम भागते.

या याद्या एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत, आणि जिथे बसत नाहीत तिथेच शिकवण्यासारखे सर्वांत जास्त आहे. तीन उदाहरणे घेऊ.

पहिले उत्प्रेक्षेचे. ‘तिचा आवाज काचेसारखा स्वच्छ होता’ ही उपमा; ‘तिचा आवाज म्हणजे जणू काचच’ ही उत्प्रेक्षा. उपमेत दोन वस्तू वेगळ्या राहून शेजारी उभ्या असतात. उत्प्रेक्षेत बोलणारा एका वस्तूच्या जागी दुसरी असल्याची कल्पना करतो, पण ती कल्पना आहे याचे भान सोडत नाही. इंग्रजीच्या शालेय यादीत या मधल्या अवस्थेला नाव नाही. ‘अ‍ॅज इफ’ आले की मुलगा सिमिली लिहून मोकळा होतो. मराठीच्या तासाला त्याने जो बारीक फरक शिकला, तो इंग्रजीच्या तासाला त्याला टाकून द्यावा लागतो.

दुसरे मेटनिमी आणि सिनेक्डकी यांचे. मराठीच्या अलंकारांच्या यादीत ही नावे सापडत नाहीत, म्हणून मुलांना ती परकी आणि अवघड वाटतात. वस्तुतः आपल्या परंपरेत त्यांची सोय अलंकारात केलेली नाही, शब्दशक्तीत केली आहे. ‘आम्ही बाजरी खातो’ हे लक्षणेचे उदाहरण व्याकरणाच्या पुस्तकातून सर्वांना माहीत असते. या शहरात तर लक्षणा रस्त्यावर भेटते. ‘त्याला घाटीत दाखवलं’ असे म्हणताना इथला माणूस डोंगराच्या घाटीविषयी बोलत नसतो, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाविषयी बोलत असतो. जागेचे नाव संस्थेला मिळाले, ही सरळ मेटनिमी आहे. मराठीतली लक्षणा इंग्रजीच्या तासाला वेगळे नाव घेऊन आली आहे, एवढे सांगितले तर अर्धी भीती जाते.

तिसरे इन्व्हर्जनचे. इंग्रजीत शब्दांचा क्रम हाच व्याकरणाचा कणा आहे. कर्ता आधी, क्रियापद नंतर. तो क्रम कवीने मोडला की इंग्रजी कानाला ठेच लागते, म्हणून तिथे तो अलंकार ठरतो. मराठीत विभक्तीचे प्रत्यय अर्थ सांभाळतात, म्हणून ‘बाबा घरी आले’, ‘घरी आले बाबा’, ‘आले बाबा घरी’ ही तिन्ही वाक्ये चालतात. फक्त भर बदलतो. मराठी मुलाला इन्व्हर्जन ‘दिसत’ नाही याचे कारण त्याची बुद्धी कमी आहे हे नसून त्याची भाषा अधिक मोकळी आहे हे आहे. ‘यमकासाठी शब्द पुढे-मागे केले’ हे पाठ उत्तर लिहिण्याऐवजी त्याने ती ओळ आधी साध्या इंग्रजी गद्यात लिहावी, मग मराठीत सांगावी, आणि कवीने कोणता शब्द पुढे आणला ते पाहावे. बहुतेक वेळा पुढे आलेल्या शब्दापाशी कवितेचे काही महत्त्वाचे घडत असते.

३. मोर, खंड्या आणि सुटे पीस

आता त्या कवितेकडे परत जाऊ. ‘इंडियन वीव्हर्स’ ही कविता ‘द गोल्डन थ्रेशोल्ड’ या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहातली आहे. सरोजिनी नायडूंचा जन्म हैदराबादचा, आणि त्यांचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय निजाम कॉलेजचे प्राचार्य होते. औरंगाबाद आणि पैठण त्या काळी त्याच संस्थानात होते. ते १९४८ पर्यंत तिथेच राहिले. म्हणजे आमच्या मुलांना ‘परकी’ वाटणारी ही कविता एका अर्थाने त्यांच्याच जुन्या मुलखातली आहे.

कवितेत तीन कडवी आहेत. पहाटे विणकर नवजात बाळाचे वस्त्र विणतात, संध्याकाळी राणीच्या विवाहाचे, आणि थंड चांदण्यात मृताचे कफन. पहाट, सांज आणि रात्र म्हणजे जन्म, विवाह आणि मृत्यू हा प्रतीकार्थ गाईडांत असतो आणि मुले तो लिहितात. शरीर किंवा आयुष्य म्हणजे विणलेले वस्त्र ही कल्पना कबीराच्या भजनांमधून त्यांच्या कानांवर आलेलीही असते. पण उपमानांकडे ओळीने कुणी पाहत नाही. पहिल्या कडव्यात वस्त्राचा निळा रंग खंड्या पक्ष्याच्या पंखाचा आहे. दुसऱ्यात जांभळा-हिरवा रंग मोराच्या पिसांचा. तिसऱ्यात पांढरेपणासाठी एक पीस आणि ढग. तिन्ही उपमा सुट्या घेतल्या तर ‘सिमिली’ तीनदा लिहिता येते. एकत्र ठेवल्या तर एक क्रम दिसतो. आधी पंख, म्हणजे उडणारा जिवंत पक्षी. मग पिसारा, म्हणजे मिरवणारा पक्षी. शेवटी पीस, म्हणजे पक्षी नसताना मागे उरलेले. रंगही तसेच ओसरतात : एक गडद निळा, मग दोन रंगांचा उत्सव, मग रंगच नाही. मृत्यूविषयी कवयित्रीला जे सांगायचे आहे, ते या क्रमानेच निम्मे सांगून टाकले आहे.

पैठणच्या त्या मुलीचे उत्तर या वाचनाच्या मधोमध बसते. विवाहवस्त्रात दोन रंग आहेत आणि ते आळीपाळीने दिसतात, हे तिने मागावर पाहिले होते. विवाहात दोन घरे, दोन माणसे एकत्र विणली जातात, पण कुणी पुसले जात नाही. ज्या बाजूने उजेड येईल तो रंग वर येतो. ही माझी पुस्ती झाली. पण तिला आणखी एक प्रश्न विचारला असता, तर तीही इथवर आली असती. पैठणीच्या पदरावर मोर असतो म्हणून ती कविता तिची होत नाही. ‘मोरासारखे’ याचा अर्थ ‘सुंदर’ एवढाच नाही, हे तिला हाताने ठाऊक होते, म्हणून होते. जायकवाडीच्या कालव्यावर खंड्याला सूर मारताना पाहिलेल्या मुलालाही पहिल्या कडव्याविषयी काही सांगता येईल. त्याला फक्त कुणी विचारलेले नसते.

याच कवितेत विणकरांना हाक मारली आहे म्हणून ‘अपॉस्ट्रफी’ असेही उत्तर मुले लिहितात. पण अपॉस्ट्रफीत हाक मारलेला बहुधा दूर असतो, मृत असतो किंवा निर्जीव असतो; त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा नसते. इथे विणकर प्रत्येक कडव्यात उत्तर देतात. हा संवाद आहे. नाव शोधण्याच्या घाईत कवितेची ही सर्वांत उघड गोष्ट नजरेतून सुटते.

४. घरची भाषा

एका वर्षी वर्गात पर्सॉनिफिकेशनची उदाहरणे मागितली. तारे डोळे मिचकावतात, फुले नाचतात, वारा कुजबुजतो, अशी पुस्तकी उत्तरे आली. मी विचारले, “यंदा पावसाचं काय?” मागच्या बाकावरून आवाज आला, “पावसाने दडी मारली, सर.” वर्ग हसला. फळ्यावर ते वाक्य लिहिले आणि विचारले, दडी कोण मारतो? लपाछपी खेळणारे मूल, किंवा देणेकरी. मग उदाहरणे थांबेनात. पावसाने ओढ दिली, पाठ फिरवली, हजेरी लावली. भाव कोसळला. विहिरीने तळ गाठला.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरातली ही रोजची भाषा आहे. तिला कुणी अलंकारिक म्हणत नाही. पण ‘दडी मारली’ या प्रयोगात पाऊस आहे, तो कुठेतरी लपला आहे, आणि तो येऊ शकतो, अशी एक आशा शिल्लक आहे. ‘पाठ फिरवली’ मध्ये तो रागावला आहे. ‘ओढ दिली’ मध्ये तो ताणून धरतो आहे. त्याच दुष्काळाकडे पाहण्याच्या या तीन वृत्ती आहेत. जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली ‘मेटाफर्स वी लिव्ह बाय’ या पुस्तकात मांडले, ते थोडक्यात हेच : रूपक ही कवीची खास मालमत्ता नाही, आपण रोजचा विचारच त्याच्या आधाराने करतो. त्यासाठी आमच्या वर्गाला परदेशी उदाहरणे लागत नाहीत.

अ‍ॅलेगरी शिकवतानाही तेच. पैठण हे एकनाथांचे गाव. विंचू चावल्याचे भारूड ज्याने जत्रेत पाहिले आहे, त्याला विंचू म्हणजे काम-क्रोध हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. वरवरची गोष्ट पूर्ण चालू ठेवून खालून दुसरी गोष्ट सांगायची, हे तंत्र त्याला माहीत आहे. त्याला नवा असतो तो फक्त शब्द.

५. या शहराचे जुने येणे-जाणे

इंग्रजीचा तास आणि मराठी साहित्यविचार यांच्यात भिंत असलीच पाहिजे असे नाही, हे याच शहराने दाखवले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली इथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत इंग्रजी साहित्याचा अभ्यास करून आले आणि या परिसरात दलित साहित्याच्या विचाराला त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लेखनाची जोड दिली. ‘अस्मिता’ आणि पुढे गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखालील ‘अस्मितादर्श’ इथूनच निघाले. मराठवाडा विद्यापीठात भालचंद्र नेमाडे इंग्रजी शिकवत होते आणि मराठीत साहित्याच्या भाषेविषयी लिहीत होते. या मंडळींनी इंग्रजीच्या वर्गातले ज्ञान मराठीत आणले आणि मराठीतले प्रश्न इंग्रजीच्या वर्गात नेले.

दलित साहित्याने अलंकाराविषयी एक मूलभूत शंकाही उभी केली. ‘अलंकार’ म्हणजे दागिना हा अर्थ धरला, तर ज्यांच्या अंगावर कधी दागिना आला नाही त्यांच्या भाषेचे काय? त्यांच्या कवितेतला सूर्य शोभेसाठी आलेला नसतो. बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाचे शीर्षक पाहा : ‘जेव्हा मी जात चोरली होती’. आपलीच जात कुणी कशी चोरेल? मराठीत ‘चोरणे’ म्हणजे लपवणेही होते. आपण अंग चोरतो, काम चोरतो, नजर चोरतो. पण लपवण्याचा अर्थ घेतला तरी चोरीचा अर्थ जात नाही. स्वतःची ओळख लपवणाऱ्या निरपराध माणसाला समाज चोर ठरवतो, हे सगळे त्या एका क्रियापदात आहे. जेरी पिंटो यांच्या इंग्रजी अनुवादाचे शीर्षक ‘व्हेन आय हिड माय कास्ट’ असे आहे. अनुवादकापुढे दुसरा मार्ग सोपा नव्हता. इंग्रजीत ‘चोरली’ हे क्रियापद ठेवले असते तर दुसऱ्याची जात पळवली असा अर्थ झाला असता. अर्थ पोचला, चोरी मागे राहिली. अलंकार हा वरून घातलेला दागिना असता, तर तो एका भाषेतून काढून दुसरीत घालता आला असता. तो तसा निघत नाही, कारण तो विधानाचाच भाग असतो. हे एक शीर्षक फळ्यावर दोन भाषांत लिहिले तर मेटाफर म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा लवकर कळेल.

६. अलंकार नसलेली जागा

बारावीच्या २०२० पासूनच्या याच पाठ्यपुस्तकात दिलीप चित्रे यांची ‘फादर रिटर्निंग होम’ ही कविता आहे. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या कवीची ही इंग्रजी कविता. मुलांना ती आवडते, कारण लोकलमधून थकून घरी येणारा बाप त्यांना समजतो. पण रसग्रहण लिहिताना ती अडखळतात : यमक नाही, अलंकार फारसे ‘सापडत’ नाहीत. मग ओढूनताणून अलिटरेशन शोधले जाते.

इथे मराठीच्या यादीतला एक अलंकार उपयोगी पडतो. तो म्हणजे स्वभावोक्ती : वस्तूचे, व्यक्तीचे जसेच्या तसे, हुबेहूब वर्णन. इंग्रजीच्या शालेय यादीत त्याला जागा नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात त्यावर मोठा वाद झाला. दंडीने त्याला अलंकारांत पहिले स्थान दिले. कुंतकाने तो अलंकारच नाही, ते तर अलंकार ज्यावर चढवायचा ते मूळ वर्ण्य आहे, असे म्हटले. हा वाद मुलांना सांगण्यासारखा आहे. बापाचे ओले कपडे, चिखल, शिळे जेवण यांचे साधे वर्णन कवितेत काय करते, हा प्रश्न त्यांना त्यातून पडेल. आणि मग त्या साध्या वर्णनाच्या मध्ये एक उपमा येते, जिचे उपमान भाषेतून घेतलेले आहे : मोठ्या वाक्यातून सुटलेला शब्द. इतक्या कोरड्या वर्णनानंतर ती आली, म्हणून ती लागते. बाप एकटा आहे, एवढेच ती सांगत नाही. ज्या वाक्यात त्याला अर्थ होता ते वाक्य त्याला सोडून पुढे गेले आहे, हे ती सांगते. नुसते ‘सिमिली, कारण लाइक’ लिहिले तर हे सगळे हरवते.

७. काय करता येईल

ऐंशी मुलांच्या वर्गात, पंचेचाळीस मिनिटांत, अभ्यासक्रम पुरा करण्याच्या धावपळीत हे सगळे कसे जमणार, हा आक्षेप मी स्वतःच अनेकदा घेतला आहे. तो खरा आहे. मंडळाने प्रश्न बदलावा अशी अपेक्षाही बाळगता येईल. पण तोवर थांबण्याचे कारण नाही. आहे त्याच प्रश्नात ‘स्पष्ट करा’ हे क्रियापद आहे. ते गंभीरपणे घेतले तरी पुष्कळ होईल.

माझ्यापुरते मी तीन प्रश्न ठरवून घेतले. हीच वस्तू का, दुसरी का नाही? ही उपमा काढून टाकली तर ओळीतले काय जाते? तुझ्या घरी ही गोष्ट कशी म्हणतात? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मराठीत, दखनीत, लमाणीत, कशातही आले तरी चालेल. इंग्रजी वाक्य नंतर सगळे मिळून बनवता येते. नाव शेवटी सांगायचे, आधी नाही. काम पाहिल्यावर नाव लक्षात राहते. आधी सांगितलेले नाव काम पाहूच देत नाही.

‘अलंकार’ या शब्दातील ‘अलम्’ म्हणजे पुरेसे. व्युत्पत्तीला धरून पाहिले तर अलंकार म्हणजे पुरेसे करणे : जे नुसत्या विधानाने अपुरे राहते, ते पुरे करणे. इंग्रजीच्या तासाला हा अर्थ जास्त कामाचा आहे.

त्या मुलीला मी तिचे उत्तर मराठीत सांगितले तसेच इंग्रजीत लिहून आणायला सांगितले. तिने चार वाक्ये लिहून आणली. क्रियापदांचे काळ दोन ठिकाणी चुकले होते. ते दुरुस्त केले. बाकी हात लावला नाही.